बर्टनचा गाळ, परळचे औषध

बिअर बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्याची एक जुनी अडचण आहे. टाकीत जेवढे यीस्ट घालावे त्याच्या कितीतरी पट यीस्ट शेवटी उरते. यीस्ट ही सजीव बुरशी. ती धान्यातली साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते आणि हे सगळे चालू असताना स्वतःची प्रजाही वाढवत राहते. पुढच्या खेपेला त्यातले थोडेसेच पुरते. बाकीचा करडा, कडवट, लवकर नासणारा गाळ न्यायचा कुठे? एकोणिसाव्या शतकात तो जनावरांपुढे टाकत, नाहीतर फेकून देत. पुढे त्याच गाळापासून एक काळा, खारट, दाट लेप तयार झाला. लोकांनी तो पावाला लावून खाल्ला, सैनिकांच्या शिध्यात घातला आणि इस्पितळांत औषध म्हणूनही दिला. ब्रिटनमध्ये तो मार्माइट या नावाने विकला जातो, ऑस्ट्रेलियात व्हेजिमाइट, स्वित्झर्लंडमध्ये सेनोव्हिस.

पुढच्या पानांवरच्या पाककृती या लेपाच्या आहेत. त्यांच्याकडे वळण्याआधी त्याची पूर्वपीठिका सांगायला हवी, कारण मराठी वाचकाशी त्याचे नाते वाटते त्याहून बरेच जवळचे आहे. या पदार्थाच्या हातून घडलेले सर्वांत मोठे काम इंग्लंडात झाले नाही. ते मुंबईत झाले, परळच्या एका प्रयोगशाळेत आणि गिरण्यांच्या छायेत राहणाऱ्या गरीब गर्भवती बायकांच्या खाटांशेजारी. मुंबईने ते जवळजवळ विसरून टाकले आहे, याची खंत वाटावी इतके ते मोलाचे आहे.

आधी पदार्थ नीट पाहू. बाटलीचे झाकण उघडले की खरपूस, खारट आणि किंचित आंबूस असा वास येतो. चमचा बुडवून वर उचलला तर काकवीसारखी तार सुटते, रंगही तसाच काळपट तपकिरी. गोडीचा मात्र मागमूस नाही. जिभेला टोचते ते आधी मीठ, त्यामागून हलका कडवटपणा, आणि दोन्ही ओसरले की घशापर्यंत रेंगाळणारी एक भरीव चव. तोंडाला पाणी सुटते ते या तिसऱ्या टप्प्यावर. पाव चमचा लेप कपभर उकळत्या पाण्यात ढवळला तर तो क्षणात विरघळतो आणि मटणाच्या सुपासारखा वास येऊ लागतो. त्यात मांसाचा कणही नसतो, सगळी करामत यीस्टची.

ही करामत पहिल्यांदा ओळखली ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी. मांस आटवून त्याचा अर्क काढायची पद्धत त्यांनी लोकप्रिय केली होती. त्यांच्या नावाची कंपनी १८६५ साली निघाली आणि उरुग्वेतल्या फ्राय बेंतोस या गावी गुरांच्या मांसाचा अर्क काढून युरोपला पाठवू लागली. बिअरच्या यीस्टचाही असाच घट्ट, खाण्याजोगा अर्क निघू शकतो हे त्यांच्या ध्यानात आले. मांस महाग होते आणि यीस्ट फुकटात पडून होते, त्यामुळे या शोधाला व्यापारी रूप येणे अटळ होते.

ते आले १९०२ साली, इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावी. बर्टनचे पाणी जिप्समयुक्त, बिअरला अतिशय मानवणारे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या ब्रुअऱ्यांनी हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांसाठी फिकट रंगाची, जास्त हॉप्स, म्हणजे कडवट चवीची फुले, घातलेली बिअर पिंपे भरभरून कोलकाता-मुंबईला पाठवली आणि गावाची भरभराट झाली. त्यातलीच एक बडी ब्रुअरी बास. मार्माइट फूड कंपनीने आपला कारखाना बर्टनमध्येच थाटला आणि कच्चा माल बासकडून घेतला. मागणी इतकी वाढली की १९०७ मध्ये लंडनच्या कॅम्बरवेल ग्रीनला दुसरा कारखाना काढावा लागला. सुरुवातीला हा लेप मातीच्या छोट्या बरण्यांतून विकत. आज ओळखीची झालेली फुगीर काचेची बाटली नंतरची.

कारखान्यात नेमके घडते ते असे. यीस्टच्या पेशींत मीठ घालून त्यांना सुमारे पन्नास अंश सेल्सिअसची ऊब देतात. पेशी मरतात, पण त्यांच्यातली विकरे, म्हणजे एन्झाइम, कामातच असतात. एरवी पेशीच्या शिस्तीत राहणारी ही विकरे आता तिच्याच प्रथिनांचे तुकडे पाडू लागतात. लांबच लांब प्रथिने तुटून अमिनो आम्ले मोकळी होतात. म्हणजे यीस्ट स्वतःच स्वतःला पचवते. मग पेशींची जाड कवचे गरगर फिरणाऱ्या यंत्रात वेगळी काढतात, हॉप्सचा कडवटपणा धुऊन कमी करतात, उरलेले पाणी निर्वात भांड्यात कमी तापमानाला आटवतात. शेवटी थोडा भाज्यांचा रस, सेलरीचा स्वाद आणि काही जीवनसत्त्वे घातली की बाटली भरायला लेप तयार.

प्रथिने तुटून मोकळ्या होणाऱ्या अमिनो आम्लांत ग्लुटामिक आम्ल भरपूर असते, आणि रेंगाळणाऱ्या त्या चवीचे मूळ तिथेच आहे. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट वेगळे केले. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडची ही चव असल्याचे सांगून त्यांनी तिला उमामी म्हटले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस अकिरा कुनिनाका यांनी दाखवले की यीस्टच्या आरएनएपासून मिळणारे ग्वानिलेट ग्लुटामेटच्या सोबतीला आले की उमामी कित्येक पटींनी वाढते. यीस्टच्या अर्कात या दोघांचीही सोय आहे. पाव चमच्याने पातेलेभर रस्सा भरल्यासारखा लागतो तो त्यामुळेच.

आपल्याकडेही यीस्टला हजार कामे आहेत. मुंबईचा पाव तिच्या जोरावर फुगतो. गोव्याच्या पोदेरांनी पिढ्यानपिढ्या माडाची सूर घालून पीठ फुगवले, त्या सुरेतही यीस्टच असे. पण यीस्ट वापरणे वेगळे आणि तिच्या पेशींतला ऐवजच काढून ताटात घेणे वेगळे. हे दुसरे काम पश्चिमेत झाले, आणि ते टिकले ते चवीपेक्षा पोषणामुळे.

विसाव्या शतकाच्या आरंभी बेरीबेरी हा आशियातला भयंकर रोग होता. पाय बधिर होत, अंगावर सूज येई, हृदय थकून माणूस दगावे. क्रिस्तियान आइकमान यांनी जावा बेटावर १८९० च्या दशकात पाहिले की पांढराशुभ्र पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना तसाच आजार होतो आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. १९१२ मध्ये कासिमीर फंक यांनी अन्नातल्या अशा अत्यावश्यक सूक्ष्म घटकांसाठी व्हिटॅमिन ही संज्ञा रूढ केली. कोंड्यात जे होते तेच यीस्टमध्ये विपुल होते, आज आपण त्याला बी-१ किंवा थायमिन म्हणतो. पावाला लावायचा लेप एकाएकी डॉक्टरांच्या यादीत जाऊन बसला.

या ज्ञानाची परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली, आणि तिथे महाराष्ट्राची माणसे होती. डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा इथे तुर्की फौजेने ब्रिटिश-हिंदी सैन्याला वेढा घातला. अडकलेली फौज होती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणीही होत्या. वेढा जवळपास पाच महिने चालला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. त्या उपासमारीतली एक गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात नोंदली गेली. बेरीबेरी गोऱ्या सोल्जरांना झाली, कारण त्यांचा पाव मैद्याचा. हिंदी शिपायांचे पीठ कोंड्यासकटचे, म्हणून ते बेरीबेरीतून वाचले. पण घोड्याचे मांस खायला त्यांच्यातल्या बहुतेकांचा नकार होता, त्यामुळे स्कर्व्हीने त्यांना गाठले. एकाच तटबंदीत, एकाच वेढ्यात, दोन शिध्यांचे दोन वेगळे रोग.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोघींनी त्याच काळात सैन्याला पाठवता येतील असे पदार्थ एकेक करून तपासले. बेरीबेरी रोखण्यात गव्हाचा अंकुर आणि यीस्ट सर्वांत पुढे होते. यीस्टचा अर्क टिकाऊ, थोडक्यात मावणारा आणि वाळवंटातल्या उन्हातही न नासणारा. मार्माइट ब्रिटिश सैनिकांच्या शिध्यात आले ते असे.

आता मुंबई.

ल्यूसी विल्स यांचा जन्म १८८८ चा, बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. पण त्या काळी केंब्रिज बायकांना परीक्षा देऊ देई, पदवी मात्र देत नसे. पुढे लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या १९२० मध्ये डॉक्टर झाल्या आणि रॉयल फ्री हॉस्पिटलशी जोडल्या गेल्या. १९२८ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्या मुंबईला आल्या. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी हाती घेतली होती आणि डॉ. मार्गारेट बाल्फोर तिच्या प्रमुख होत्या. कामाचे ठिकाण होते परळची हाफकिन इन्स्टिट्यूट, म्हणजे गव्हर्नरांचे जुने निवासस्थान. वाल्डेमार हाफकिन यांच्या प्लेगप्रतिबंधक लसीचे काम तिथेच चालले होते. आजूबाजूला गिरण्यांची धुराडी, चाळींच्या रांगा आणि दहा बाय दहाच्या खोल्यांत दाटलेली कुटुंबे.

रोग असा होता. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाई पांढरीफटक पडे, दम लागे, भूक मरे, अतिसार होई, जीभ सोलल्यासारखी होई. रक्त तपासले तर लाल पेशी संख्येने फार कमी आणि आकाराने मोठ्या, अर्धवट वाढलेल्या. साधा लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असता तर पेशी लहान दिसल्या असत्या. पाश्चात्त्य वैद्यकाला माहीत असलेल्या घातक रक्तक्षयाशी, परनिशस ॲनिमियाशी, या चित्राचे साम्य होते, पण ते तंतोतंत जुळत नव्हते. अनेक बाया बाळंतपणाच्या आधी किंवा लगेच नंतर दगावत.

विल्स यांनी पहिल्यांदा संसर्ग शोधला, तो सापडला नाही. मग त्या स्वयंपाकघरांकडे वळल्या, आणि इथेच त्यांच्या कामाचे वेगळेपण आहे. मुंबईच्या वेगवेगळ्या समाजांतल्या बायका काय खातात, किती खातात, कशा घरात राहतात याची पाहणी झाली. १९३० मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये या अभ्यासाचे लेख आले. त्यांवर विल्स यांच्या जोडीने एस. एन. तळपदे आणि एम. एम. मेहता ही नावे आहेत. विल्स यांची गोष्ट आता जगभर सांगितली जाते, १० मे २०१९ रोजी गूगलनेही त्यांच्या जन्मदिनी चित्र काढून त्यांना मानवंदना दिली. तळपदे आणि मेहता यांची नावे मात्र त्या गोष्टीत क्वचितच येतात. चाळीतल्या बाईच्या ताटात काय वाढले जाते हे तिच्याच बोलीत विचारल्याशिवाय कळत नाही. ती पाहणी नसती तर पुढचे काहीच घडले नसते, म्हणून ही दोन नावे मुंबईने तरी लक्षात ठेवायला हवीत.

पाहणीतून दिसले की रोग गरिबीशी बांधलेला आहे. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे, दूध यांचा दुष्काळ, त्यांच्यात तो अधिक. गरीब मुसलमान बायकांत त्याचे प्रमाण जास्त आढळले. विल्स यांनी अ आणि क जीवनसत्त्व देऊन पाहिले, गुण आला नाही. मग निलगिरीतल्या कुन्नूर इथल्या प्रयोगशाळेत उंदरांना मुंबईच्या गरीब बायकांसारखा आहार दिला. उंदीर आजारी पडले, यीस्टने सुधारलेही, पण नंतर कळले की त्यांच्या अंगावरच्या उवांमधून पसरलेला एक जंतू निकालात लुडबुड करत होता. पाणी पुन्हा गढूळ झाले. त्यानंतर माकडांवर प्रयोग सुरू झाले. तसाच निकृष्ट आहार देऊन आजारी पाडलेल्या माकडांना यीस्टचा अर्क दिल्यावर त्यांचे रक्त झपाट्याने सुधारू लागले. हा अर्क म्हणजे मार्माइट. पोषणाच्या प्रयोगशाळांत ब जीवनसत्त्वाचा हुकमी साठा म्हणून त्याची बरणी तेव्हा हाताशी असेच.

माकडांकडून बायकांकडे. इस्पितळातल्या रुग्णांना विल्स यांनी मार्माइट द्यायला सुरुवात केली आणि काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या लाल पेशींची लाट उठलेली दिसू लागली. भूक परत येई, चेहऱ्यावर रंग चढे. २० जून १९३१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे निष्कर्ष छापून आले. या रक्तक्षयावर तेव्हाचा दुसरा पर्याय होता यकृत, म्हणजे लिव्हर. १९२६ मध्ये जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी दाखवले होते की पुष्कळ लिव्हर खाऊ घातले तर घातक रक्तक्षय आटोक्यात येतो. पण रोज लिव्हर खायचे तर पैसा हवा, शिवाय किती घरांत ते चालणार? मार्माइट स्वस्त होते, वनस्पती आणि यीस्ट यांच्यापासूनचे होते, टिकत होते. परळच्या बाईसाठी हा फरक जगण्या-मरण्याचा होता.

पुढच्या अभ्यासात आणखी महत्त्वाची गोष्ट उलगडली. १९३७ पर्यंत विल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की शुद्ध केलेला लिव्हरचा अर्क घातक रक्तक्षय बरा करतो, पण मुंबईतला हा रक्तक्षय त्याला दाद देत नाही. मार्माइटला मात्र देतो. म्हणजे दोन रोग आणि दोन वेगळे घटक. मार्माइटमधल्या त्या अज्ञात द्रव्याला विल्स घटक म्हटले जाऊ लागले. १९४१ मध्ये टेक्सासमध्ये हर्शेल मिचेल, एस्मंड स्नेल आणि रॉजर विल्यम्स यांनी चार टन पालकातून एक आम्ल वेगळे काढले, आणि काही वर्षांत ते कृत्रिमरीत्या बनवताही आले. परळच्या बायकांच्या ताटात ज्याचा तुटवडा होता ते हेच, फॉलिक आम्ल. घातक रक्तक्षयाला लागणारा दुसरा घटक म्हणजे बी-१२.

त्या शोधाची फळे आजही प्रत्येक आरोग्य केंद्रात वाटली जातात. गर्भवतींना चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने सिद्ध केले की गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतले तर बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूतल्या जन्मजात दोषांचा धोका बराच घटतो. काम संपलेले मात्र नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातल्या ५२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. आज त्यामागे लोहाची कमतरता मोठी आहे, पण गरीब बाईच्या ताटाचा प्रश्न तोच आहे. हा मजकूर वाचून कुणी गोळी सोडून बाटलीकडे वळू नये. विल्स यांच्याकडे गोळी नव्हती म्हणून त्यांनी बाटली वापरली.

मुंबईचा अध्याय लांबला, पण तो लांबायलाच हवा होता. जगातल्या बाकी देशांत या लेपाचे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. पहिल्या महायुद्धात जहाजे अडली आणि ऑस्ट्रेलियाला मार्माइट मिळेनासे झाले. मेलबर्नचे व्यापारी फ्रेड वॉकर यांनी सिरिल कॅलिस्टर या रसायनतज्ज्ञाला ब्रुअरीच्या यीस्टपासून स्वदेशी लेप बनवायला सांगितले आणि १९२३ मध्ये व्हेजिमाइट बाजारात आले. पहिली काही वर्षे खप बेताचाच होता. पुढे ते शाळेच्या डब्यापासून राष्ट्राच्या अभिमानापर्यंत पोचले. न्यूझीलंडमध्ये सॅनिटेरियम कंपनीचे मार्माइट वेगळे, चवीला किंचित गोडसर. २०११ च्या भूकंपाने क्राइस्टचर्चच्या कारखान्याची इमारत धोक्यात आली, उत्पादन थांबले आणि मार्च २०१३ पर्यंत देशभर टंचाई झाली. लोक घरातली शेवटची बाटली पुरवून पुरवून खात होते. २०२० च्या टाळेबंदीत ब्रिटनचे पब बंद पडले, बिअर कमी बनली, यीस्ट कमी पडले, आणि मार्माइटच्या मोठ्या बाटल्या काही काळ दुकानांतून गायब झाल्या. गाळावर उभा असलेला धंदा मूळ धंद्याशी किती घट्ट बांधलेला आहे हे त्या वर्षी सगळ्यांना दिसले.

आशियात या लेपाने खास रूपे घेतली. श्रीलंकेत १९३४-३५ च्या मलेरियाच्या साथीत कुपोषितांना मार्माइट दिले गेले, आणि पुढे ते तिथल्या घरांत रुजले. गरम पाण्यात चमचाभर मार्माइट आणि वर लिंबू पिळून घेण्याची तिथली पद्धत पावसाळ्यात आपल्यालाही मानवेल. मलेशिया आणि सिंगापूरच्या चिनी खानावळींत तळलेल्या कोंबडीच्या तुकड्यांवर मार्माइट, मध आणि सोया सॉसचा चकचकीत पाक चढवतात. गोड, खारट आणि खरपूस असा तो पदार्थ या लेपाच्या सर्वोत्तम उपयोगांपैकी एक आहे. तांदळाच्या पातळ पेजेतही तिथे त्याची धार सोडतात. कोकणात पेजेबरोबर सुके बांगडे किंवा लोणचे घेणाऱ्याला त्यामागचा विचार लगेच कळेल.

युरोपात टोस्टखेरीज चीज सँडविच, भाजलेले बटाटे, कांद्याची ग्रेव्ही, मसूर आणि बीन्सचे स्ट्यू यांत हा लेप जातो. नायजेला लॉसन यांनी २०१० च्या आपल्या पुस्तकात दिलेली मार्माइट स्पॅगेटी खूप गाजली. चार माणसांच्या शेवयांना लोणी, एक चमचा मार्माइट, शेवया उकडल्याचे थोडे पाणी आणि वर चीज. ही कल्पना इटालियन पाकतज्ज्ञ आना देल कोन्ते यांची असल्याचे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे.

कारखान्यांत बनलेल्या खाण्यात यीस्टचा अर्क याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर मुरलेला आहे. चिप्सवरचा मसाला, पाकिटातले सूप, शाकाहारी कटलेट यांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘यीस्ट एक्स्ट्रॅक्ट’ लिहिलेले अनेकदा सापडते. अजिनोमोटो, म्हणजे एमएसजी, नको म्हणणारा ग्राहक हे नाव वाचून निर्धास्त होतो. खरे तर यीस्टच्या अर्कातही ग्लुटामेटच असते, म्हणून अमेरिकेचे अन्न प्रशासन असा अर्क घातलेल्या पदार्थावर ‘एमएसजी नाही’ असा दावा करू देत नाही. ग्लुटामेट टोमॅटोत आहे, मुरलेल्या चीजमध्ये आहे, त्याला घाबरायचे कारण नाही. लेबल मात्र वाचले पाहिजे, आणि कंपन्यांनी ते स्वच्छ लिहिले पाहिजे.

मराठी स्वयंपाकात हा लेप कुठे बसतो? जिथे भाजलेला कांदा आणि खोबरे आहे, काळा मसाला आहे, तिथे तो चटकन मिसळतो. अख्ख्या मसुरीच्या आमटीत, अळंबीच्या रश्श्यात, वांग्याच्या भरल्या भाजीत चार माणसांना अर्धा चमचा पुरे. जे सुकट किंवा जवळा खात नाहीत त्यांना तसा भरीवपणा यातून मिळू शकतो. ताकाच्या कढीत, सोलकढीत किंवा नारळाच्या गोडसर रसात मात्र तो घालू नये, तिथे त्याचा कडवटपणा उघडा पडतो. पुढच्या पाककृतींची निवड करताना हा निकष कटाक्षाने पाळला आहे.

काही पथ्ये. मार्माइटमध्ये १०० ग्रॅमला साधारण ११ ग्रॅम मीठ असते. एका वेळचे माप आठ ग्रॅम धरले तर त्यातून पाऊण ग्रॅमहून थोडे अधिक मीठ पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची आहे. म्हणून ज्या पदार्थात हा लेप घालायचा त्यात मीठ शेवटी, चव घेऊनच घालावे, आणि रक्तदाब असणाऱ्यांनी हात आखडता घ्यावा. नैराश्यावरच्या मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधक गटातली औषधे घेणाऱ्यांना यीस्टचा अर्क वर्ज्य आहे. त्यातल्या टायरामिनमुळे रक्तदाब एकाएकी चढतो, आणि १९६० च्या दशकापासून डॉक्टर याबद्दल सावध करत आले आहेत. बिअरचे यीस्ट बार्लीवर वाढते, त्यामुळे ग्लुटेन न चालणाऱ्यांनीही लेबल पाहूनच घ्यावे. शाकाहारी माणसांना उपयोगी असे बी-१२ त्यात असते खरे, पण ते वरून घातलेले. यीस्टमध्ये ते मुळात नसते, तेव्हा प्रत्येक ब्रँडमध्ये असेलच असे गृहीत धरू नये.

बाटली फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, मिठामुळे ती महिनोन्‌महिने टिकते. फक्त चमचा कोरडा हवा. ज्यांनी हा लेप कधीच चाखलेला नाही त्यांच्यासाठी पहिली पाककृती मुद्दाम टोस्टची ठेवली आहे. पाव चांगला कडक भाजावा, गरम असतानाच त्यावर भरपूर लोणी लावावे आणि ते विरघळू लागले की सुरीच्या टोकावर मावेल एवढाच लेप घेऊन कडेपासून कडेपर्यंत पातळ ओढावा. पावाचा रंग लेपातून दिसत राहिला पाहिजे. हे जमले की मसुरीच्या आमटीकडे जावे, आणि मलेशियाची कोंबडी सगळ्यांत शेवटी करावी, कारण तिच्यात पाक योग्य वेळी उतरवण्याचे कसब लागते.